खडपवाडीच्या तारेची खरी जागा

पाण्यावर तरंगणारा रबरी फुगा सुरीने फोडला की आधी 'फट्' होते आणि मग लांब सुस्कारा निघतो. २००१ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या खडपवाडी किनाऱ्यावर उभा राहून असे एकशे चाळीस आवाज मी ऐकले. ते आजही मला ओळीने ऐकू येतात, यावरून माझी स्मरणशक्ती शाबूत आहे असे समजावे. मी, हरिहर दामोदर वझे, वय चौऱ्याहत्तर, समुद्री तारांच्या खात्यातला निवृत्त अधिकारी, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. दडपण दुसऱ्या कोणाचे नाही, माझे मलाच आहे.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात मुलगा सलिल आणि सून क्षिप्रा यांचे. पत्नी सुमती हिने लावलेली खिडकीतली जाई काढू नये. तिथे एसीचे यंत्र बसवायचे सलिलच्या मनात आहे, ते मला ठाऊक आहे.

कलम २. बँकेतली ठेव नात संचिता हिच्या शिक्षणासाठी. माझे शाळेतले कवितांचे पुस्तकही तिलाच. टेंभी नाक्याजवळच्या शाळेत गुरुजी आम्हाला समुद्राच्या कविता चालीवर म्हणायला लावत. समुद्र तेव्हा आम्ही कोणी पाहिलेला नव्हता, कळव्याची खाडी तेवढी पाहिलेली. मी तार खात्यात गेलो तो त्या कवितांपायी. सातासमुद्रापलीकडून येणारे शब्द आपल्या वाळूतून वर येणार आणि ते आपण हातात धरणार, एवढेच माझ्या डोक्यात होते. संचिताने निदान चार कविता पाठ कराव्यात. सक्ती नाही.

कलम ३. तार सोलायची सुरी, पकडी आणि सांधे जोडायची पेटी कळव्याचा भाचा ऋतुराज याला. खरे तर ती शेजारच्या शांताबाईंचे जावई प्रितम यांना द्यायची होती, कारण ते घरोघर इंटरनेट जोडतात. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी सांगितले, आणि साक्षीदार मला दुसरा मिळेना. प्रितम समोरच बसले आहेत. म्हणाले, "असू दे काका. तुमची तार समुद्रात तुटली की शिव्या मात्र मीच खातो."

कलम ४. माझे त्या वेळचे वरिष्ठ त्र्यंबक आठल्ये यांना माझ्या दहाव्याला बोलावू नये. समुद्राखालून येणारी इंटरनेटची तार खडपवाडीच्या किनाऱ्याला लागली त्या दिवशी मंडपात पाहुणे बसले होते. जहाजापासून वाळूपर्यंत तार फुग्यांवर तरंगत होती. ती ठरलेल्या रेषेवर आली की फुगे फोडायचे, म्हणजे ती तिथेच तळाला बसते. राखणीला कोळ्यांच्या बोटी लावलेल्या होत्या. त्यांतला सखाराम नाखवा ओरडून म्हणाला, "सायेब, वोहोट लागलाय, तार उत्तरेला सरकली. फुगं फोरू नका आताच." आठल्ये म्हणाले, "वझे, पाहुण्यांना विमान गाठायचंय. फोडा."

मी फोडायला लावले.

हे वाचून आठल्ये दोषी वाटतील. तेवढ्यासाठीच चोवीस-पंचवीस वर्षे मी ही गोष्ट मनात अशी सांगत आलो. आदेश त्यांचा होता. नकाशा मात्र मी भरला.

कलम ५. म्हणून कलम ४ मधली बंदी उठवतो. आले तर जेवून जाऊ द्यावे.

कलम ६. कपाटातली निळी, खिशात मावणारी वही माझ्या मृत्यूनंतर सखाराम नाखवा याला किंवा त्याची मुलगी रतन हिला द्यावी. तार प्रत्यक्षात कुठे बसली ते तीत त्या दिवशीच्या तारखेने लिहिले आहे. देवळाचा कळस आणि बर्फाच्या कारखान्याची चिमणी एका रेषेत धरायची, ही खूण सखारामनेच मला शिकवली होती. ठरलेल्या रेषेपासून पावणेदोनशे मीटर उत्तरेला. कार्यालयात मात्र मी ठरलेलीच रेष काढून दिली. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू म्हटले. तेवढ्यात अभिनंदनाचे पत्र आले.

त्या नकाशावरून किनाऱ्यावर दोन पाट्या लागल्या. पाट्यांच्या मध्ये कोणी नांगर टाकू नये असे कोळ्यांना बजावले. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये सखारामच्या बोटीचे इंजिन बंद पडले. त्याने पाट्यांच्या बाहेर, मोकळ्या पाण्यात, नांगर टाकला. नांगर तारेत अडकला आणि तार तुटली. निम्म्या शहराचे इंटरनेट दोन दिवस रडतखडत चालले. चौकशीत मला एकच प्रश्न विचारला, "तार पाट्यांच्या आत होती ना?" सखाराम माझ्याकडे बघत होता. मी "होय" म्हणालो. म्हणजे नांगर त्यानेच पाट्यांच्या आत टाकला असे ठरले आणि बोट जप्त झाली. पुढे तो दुसऱ्यांच्या बोटीवर जाळी ओढायला जायचा, असे कानावर आले.

आता त्याच किनाऱ्याला नवी तार येते आहे. काम चालेल तितके दिवस बोटी बंद, त्याची भरपाई कोळ्यांना मिळणार. ज्यांच्या घरातल्या कोणाकडून पूर्वी तार तुटली त्यांना मिळणार नाही. यादीतून एकच नाव वगळले आहे: रतन सखाराम नाखवा. तिने स्वतःची बोट घेतली आहे. तिच्या हरकतीवर सुनावणी परवा, गुरुवारी. हे मला कळले ते सलिलकडून, कारण तो नव्या तारेच्या कंपनीत आहे. मी त्याला खरे सांगितले. त्याने उठून खोलीचे दार लावले.

"बाबा, आत्ता नको. तुमचं नाव जाईल आणि माझी नोकरी. मृत्युपत्रात लिहा हवं तर. मन हलकं होईल."

मुलाचा सल्ला मला पटला. हे लिहायला लाज वाटते, पण पटला.

शांताबाईंना साक्षीदार म्हणून वरचे वाचून दाखवले. त्या खडवलीच्या, आमच्या मजल्यावर पोळीभाजीचे डबे करतात. हात पुसत ऐकत होत्या.

"म्हणजे काका, त्याला कळणार तुम्ही गेल्यावर?"

"हो."

"आणि सुनावणी परवा?"

"हो."

"मग परवापर्यंत उरकताय का तुम्ही?"

प्रितम हसले आणि लगेच खाली बघू लागले. 'कायद्याने असेच असते' असे काहीतरी मी म्हणालो. शांताबाई म्हणाल्या, "सही कुठे करू ते दाखवा. भाजी गॅसवर आहे."

मी पेन त्यांच्या हातात देणार तोच बेल वाजली. सलिल वही स्वतःकडे जपून ठेवायला न्यायला संध्याकाळी येणार होता, आता तर साडेअकराच झाले होते. शांताबाईंनी दार उघडले.

दारात सखाराम होता. केस पांढरे झालेले, हातात चपला. त्या त्याने खालीच काढल्या असाव्यात. निवृत्तांच्या संघटनेतून पत्ता काढला म्हणाला.

"सायेब, वलखलंत काय? परवा माझे पोरीची सुनावणी हाय. तुमी एक चिठ्ठी द्या, सखाराम मानूस बरा हाय म्हनून. तुमचे सबदाला वजन हाय."

तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला आहे. शांताबाईंनी पाणी दिले आहे. गॅस बंद करून त्या परत आल्या आहेत. माझ्याकडे कोणी बघत नाही, म्हणून एवढे लिहून होते आहे.

कलम ६ मधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी खोडले आहेत. खाडाखोडीशेजारी सही केली आहे. वही कपाटातून काढली आहे. तिच्यातले पान मी सखारामला मोठ्याने वाचून दाखवणार आहे, आणि गुरुवारी सुनावणीलाही तेच वाचणार आहे, त्याने मला सोबत नेले तर.

लिहून देणार: हरिहर दामोदर वझे (सही)

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. शांताबाई बाळू भोईर (सही)
२. प्रितम अनंत म्हात्रे (सही)

डोंबिवली पूर्व, मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५