उत्तर दारावरची भेग

मोंव्हाल, ९ नोव्हेंबर १८९३

प्रिय ताई,

आमियां शहरात लेकीकडे तुला आता जरा झोप लागते, असं पाद्रीबाबा सांगत होते. बरं वाटलं. इथे थंडी पडली आहे. तुझ्या कोंबड्या ओदिल शेजारीण सांभाळते; त्यातली तांबडी मेली. दाजींच्या जागी घंटा वाजवायला अजून कुणी मिळालेलं नाही, त्यामुळे चर्च मुकंच असतं.

माझ्या चर्चच्या चित्रांचं विचारलंस. ती थांबली आहेत.

पायऱ्या झाडताना दाजींवर दगडी देवदूताचं डोकं पडून ते गेले, त्याचा ठपका गोद्फ्रुआ पाथरवटावर आला होता. दगडांची देखरेख त्याची. म्हाताऱ्याला कामावरून काढलं. बायका त्याच्या दारात थुंकत होत्या.

ताई, भेग मी पाहिली होती. मार्चमध्येच.

पाववाल्याच्या माडीवरून दुर्बीण लावून मी चर्चच्या उत्तर दाराचं चित्र काढत होतो. दारावरच्या देवदूताच्या कानामागून ती भेग मानेभोवती गेली होती. मी ती तांब्याच्या पत्र्यावर सुईने जशीच्या तशी ओढली, पत्रा तेजाबात घातला, चित्र छापलं. त्यावर तारीखही आहे. कुणाला बोललो असतो तर लगेच परांची बांधली असती आणि दोन वर्षं चर्चची दर्शनी बाजू झाकून गेली असती. माझी चार चित्रं व्हायची होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण खूप शोधलं, सापडलं नाही.

सोमवारी तो छाप घेऊन नगराध्यक्षांकडे गेलो. गोद्फ्रुआलाही बोलावलं होतं. नगराध्यक्ष भिंग लावून म्हणाले, "वा! काय बारीक काम आहे हो!" मी भेगेवर बोट ठेवलं. त्यांनी खालची तारीख वाचली आणि भिंग बाजूला ठेवलं.

म्हाताऱ्याला काम परत मिळालं. मला शिक्षा नाही. गप्प बसणं हा गुन्हा नाही म्हणे. जिन्यात त्याने मला अडवलं.

"मार्चात दिसली होती तुला?"

"हो."

"अरे, रोज तुझ्या खिडकीखालून जायचो मी. नुसती हाक मारायचीस!"

आणि तो तिथेच पायरीवर बसून रडायला लागला.

इथेच पत्र संपवणार होतो. पण एक राहिलं आहे.

मे महिन्यात दाजी माझ्यासाठी सूप घेऊन आले होते. तो छाप त्यांनी उजेडात धरला. "ओक्ताव्ह, ही मानेवरची रेघ कसली रे? तडाबिडा गेलाय की काय?"

मी म्हणालो, "छे हो दाजी, सुई घसरली."

"मग ठीक. नाहीतर या गुडघ्यांनी वर चढून बघावं लागलं असतं," म्हणून हसले, आणि सूप निवायच्या आत पी म्हणाले.

हे नगराध्यक्षांना सांगितलेलं नाही, गोद्फ्रुआलाही नाही. तुला सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायचं नव्हतं. उद्या त्यांनाही सांगेन.

'तुझा' लिहायला हात धजत नाही.

ओक्ताव्ह