दिवेवाल्याचा पूल

चौबे कॉलोनी, रायपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप इंदूताईच्या पायांवर धाकट्या नरहरचं डोकं.

इकडे देवाच्या कृपेने आम्ही तिघंही खाऊनपिऊन बरे आहोत. मारोतराव भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, जिना उतरताना हट्टाने कठडा सोडू नका. तुझ्या दोन पत्रांना माझं उत्तर आलं नाही म्हणून तू शेवंताला फोन केलास, आणि तिने सांगितलं की तुमचे भाऊ देवापुढे दिवा लावला की टीव्हीसमोर बसून पोट्ट्यावाणी गेम खेळून राहिले. हे खरं आहे. पण माझी बायको अर्धंच सांगते, म्हणून उरलेलं लिहितो.

देवश्रीला पुण्याला नोकरी लागली, कोजागिरी झाली की निघायचं, हे तुला ठाऊकच आहे. लेक पुढे जाते याचा मला आनंदच आहे. (शेवंता म्हणते चेहऱ्यावर दिसत नाही; पण माझ्या चेहऱ्यावर मुळातच फार काही दिसत नाही.) एवढंच वाटलं, जायच्या आधी रोज घटकाभर तिच्याजवळ बसावं. पण बसून बोलायचं काय? मी मराठीत विचारतो, ती हिंदीत ‘हाँ बाबा’ म्हणते आणि तिथे आमचं संभाषण संपतं. संध्याकाळी ती एक गेम खेळते. त्याचं नाव इंग्रजी आहे, आम्ही घरात त्याला दिवेवाला म्हणतो. त्याचे चार भाग निघाले आहेत, आणि चौथा दोघांनी मिळून खेळता येतो असं ऐकल्यावर मी म्हटलं, मी येतो.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी म्हटलं, सुरुवात पहिल्या भागापासून करणार. ‘बाबा, पहला एकदम बेकार है,’ ती म्हणाली, ‘हर पार्ट पिछले से अच्छा है, सीधे चौथा खेलो ना.’ आता ताई, तूच सांग, आपल्या घरी पोथी कोणी मधूनच उघडली आहे? पारायणाला बसल्यावर पहिला अध्याय रुक्ष आहे म्हणून आबांनी कधी पानं उलटली नाहीत. मी मनोमन संकल्प केला. (पळीभर पाणी सोडलं नाही, खाली वायरी होत्या.)

हातात कंदील घेतलेला एक माणूस अंधाऱ्या शहरातून फिरतो आणि दिवे लावतो, एवढाच तो गेम. सांजवातीचंच काम, मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पहिल्या भागातलं शहर मात्र हुबेहूब आमच्या नव्या राजधानीसारखं. आमचं ऑफिस तिकडे हलल्यापासून मी रोज बसने जातो. रस्ता असा की त्यावर गावभराचं धान वाळत घालावं, दुतर्फा खांब, आणि माणूस औषधालाही नाही. म्हणजे दिवसभर मी एका रिकाम्या शहरात फायली हलवायचो आणि संध्याकाळी दुसऱ्या रिकाम्या शहरात दिवे लावायचो.

त्या शहराच्या टोकाला एक लहानसं देऊळ आहे. (कोणत्या देवाचं ते बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं, मी ग्रामदेवता समजून चाललो.) देवळाच्या दारातून थेट लाकडी पूल सुरू होतो. पुलावर पाऊल टाकलं की फळी मोडते, दिवेवाला पाण्यात, कंदील विझला, की पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात. पळून पाहिलं, कडेकडेने पाहिलं. गणपती बसले, गणपती उठले, पितृपक्ष गेला, मी आपला पाण्यात. शेवंता कणीक मळता मळता म्हणायची, ‘काहून त्या गरिबाले रोज बुडवून राहिले हो? त्यानं तुमचं काय बिघडवलं?’ देवश्री मोबाइलमधून मान वर न करता म्हणायची, ‘छोड़ दो बाबा.’ तिचा जायचा दिवस जवळ येत होता, आणि मी अजून पहिल्याच अध्यायात. एकदा वाटलं, सोडावं आणि सरळ चौथा लावावा. पण अर्धं पारायण टाकून लेकीची पाठवणी करायची, हे मनाला पटेना.

अष्टमीला सुटलो. देवश्री गरब्याला गेली होती. देवळातला दिवा लावला आणि, गाभाऱ्यातून निघताना देवाला पाठ दाखवायची नाही ही आपली लहानपणापासूनची सवय, दिवेवाल्याला उलट पावली बाहेर काढला. तोंड देवाकडे, पाय मागे मागे. उंबरा ओलांडल्यावर थांबायचं सुचलं नाही. पाहतो तर पुलाच्या मध्यावर. उलट चालणाऱ्याची त्या पुलाला दखलच नव्हती. असा माणूस येईल हे बनवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसेल. तसाच मागे मागे पलीकडे पोचलो. शेवंता म्हणाली, ‘निंघाला एकदाचा.’

पुढे सोपं झालं. दुसऱ्या भागात शहरात माणसं आली, पण सगळ्यांचं तोंड एकच. तिसऱ्यात प्रत्येकाला आपापलं तोंड मिळालं, पूल दगडी झाला, आणि वारा सुटला की दिवेवाला आपोआप ज्योतीला हाताचा आडोसा धरू लागला. ते पाहून मी हातातलं खेळायचं यंत्र खाली ठेवलं. ज्यांनी तो फळ्यांचा पूल बांधला त्यांनीच हा हात काढला, ताई. पहिला भाग त्यांनी लपवला नाही, त्यावरून रडत बसले नाहीत, पुढचा नीट केला. (दशावतारांचाही विचार मनात आला, पण तो फार लांब जाईल म्हणून ऑफिसच्या बसमध्येच सोडला.)

चौथा भाग काल, कोजागिरीचं दूध आटेपर्यंत, आम्ही दोघं खेळलो. त्यात एकाचा कंदील विझला तर दुसऱ्याच्या कंदिलावरून पेटवता येतो. माझा सारखा विझायचा. ती दरवेळी मागे यायची, आणि घाईत तिच्या तोंडून चक्क मराठी निघायचं, ‘बाबा, इकडे या, माह्या मागं चाला.’ मी चाललो.

तर असं आहे. गेम आता कपाटात जाईल. नित्याची पूजा एकही दिवस चुकलेली नाही, हे शेवंताने सांगितलं नसेल. देवश्री येत्या रविवारच्या गाडीने निघून दोन दिवस वर्ध्याला तुझ्याकडे उतरेल, मग पुण्याला. भाऊजींना नमस्कार.

तुझा
नरहर

ता. क. : तिच्याबरोबर इकडचा फराळ, बेसनाची ठेठरी आणि गोड खुरमी, पाठवतो. ठेठरी कडक झाली आहे, भाऊजींना चहात बुडवून दे.

आणखी ता. क. : आत्ताच कळलं की देवश्रीने पहिला भाग कधी पुरा केलाच नव्हता. त्या पुलापाशी कंटाळून तिने थेट दुसरा लावला होता. तिच्या मैत्रिणींतलंही कोणी पलीकडे गेलेलं नाही. सकाळपासून ती ‘बताओ ना बाबा, कैसे पार किया’ म्हणून मागे लागली आहे. मी म्हटलं, स्वतः करून बघ. तिने पहिल्या भागाची सीडी पुण्याच्या बॅगेत भरली आहे.

शेवटचं : म्हणून हे पत्र तिच्या हाती न देता आजच पोस्टात टाकतो. उलट पावलांचं तिला सांगू नकोस. भाऊजींनाही सांगू नकोस, पोरीने लाडाने विचारलं की त्यांच्या पोटात काही राहत नाही. पुण्याला ती त्या पुलावर अडेल आणि मला फोन करील. मी लगेच सांगणार नाही. आधी जेवली का ते विचारीन.