बाबांच्या नावावर खपवलेला नकार

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि तुमच्या हातची चापट खाल्लेला मी पन्नाशीला टेकलो. आर्णीतलं बाबांचं कृषी केंद्र आता मी चालवतो. बियाणं, खत, फवारणीची औषधं. तुम्हाला यात नवीन काही नाही, तुम्ही जिवंतपणीच पाहून गेलात. चित्रकलेचे तास आटोपून शाळेतून परत जाताना दुकान आलं की तुम्ही सायकलवरूनच मान दुसरीकडे वळवायचात. राग माझ्यावर नव्हता, बाबांवर होता. त्याचंच आज बोलायचं आहे. पण आधी दुसरं सांगतो, कारण ते ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं. सर, मी ॲमस्टरडॅमला जाऊन आलो. तिथं मोठ्या संग्रहालयात अख्खा दिवस चित्रं पाहिली, एकट्यानं.

हसू नका, मी काही हौसेनं तिकीट काढून गेलो नव्हतो. एका औषध कंपनीनं जास्त माल उचलणाऱ्या दुकानदारांची टूर काढली होती. आम्ही चाळीस जण, सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीची हिरवी टोपी, पासपोर्ट टूर मॅनेजरच्या बॅगेत. बसमध्ये चढताना मोजणी, उतरताना मोजणी. बोटीत बसा, फोटो काढा, उतरा, चला. जेवायला इंडियन हॉटेल शोधून तिथंही तेच पनीर. दोन दिवसांत माझा जीव अगदी कोंडून गेला. दुकानात कोंडलेला असतो ते कळतं, पण सातासमुद्रापार येऊनही आपण दुकानातच बसलोय असं वाटायला लागलं, कारण आजूबाजूला बोलणं तेच, कोणतं औषध चाललं आणि कोणतं पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी चीजचा कारखाना आणि खरेदी होती. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. माझ्या खोलीतला दारव्ह्याचा दुकानदार डोळे मिचकावत म्हणाला, "काहून बे, काल जास्त झाली काय?" म्हटलं, "हो बाप्पा, तसंच समज." बस गेली आणि मी हॉटेलातून बाहेर पडलो. मी कुठं आहे हे जगात कोणालाच माहीत नाही, असं माझ्या आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

काय सांगू सर, त्या गावात रस्ता आधी सायकलींचा, मग माणसांचा. मला ते कळायच्या आत एक बाई घंटी वाजवत अंगावरच आली आणि जाताना तिच्या भाषेत काहीतरी शेलकं ऐकवून गेली. पाण्याच्या कडेकडेनं उंच, अरुंद घरं, आणि खिडक्यांना पडदे नाहीत. आत एक म्हातारा बटाटे सोलतोय, ते रस्त्यावरून दिसतं. आपल्याकडे असं कोणाच्या घरात डोकावलं तर मार खावा लागेल. मी मात्र पोटभर डोकावलो. विचारत विचारत संग्रहालयासमोर पोचलो, आणि तिथं माझे पाय अडले. रस्त्याच्या अलीकडे बाकावर तासभर बसून राहिलो. आत जाणारी माणसं कशी सरळ आत जात होती! आपल्याला कोणी विचारलं तर काय सांगायचं, आपण इथं कशाला आलो? शेवटी टोपी काढून खिशात कोंबली आणि गेलो. कोणी काही विचारलं नाही हो. तिकीट दिलं, हसून आत सोडलं.

आतली सगळी चित्रं सांगत बसत नाही. एकच सांगतो. हातभर उंचीचं, फुलदाणीचं, चारशे वर्षांपूर्वीचं. गुलाब, ट्युलिप, कुठकुठली फुलं, आणि खालच्या एका पानाला भोकं, त्याच्या काठावर हिरवी अळी. मी वाकून पाहिलं आणि सर, माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? पानं खाणारी अळी, सुरुवातीची अवस्था, आर्थिक नुकसानीची पातळी अजून ओलांडलेली नाही. पंपाला किती औषध टाकायचं तेसुद्धा डोक्यात आलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली पहारेकरीण माझ्याकडे बघत होती, कारण मी एकटाच मोठ्यानं हसलो. आणि मग हसू येईना. तुम्ही समोर असता तर कानाखालीच बसली असती. आठवीत मी कपाशीचं पान काढून आणलं होतं, गुळगुळीत, आखीव. तुम्ही कागद टराटरा फाडला. "हे पान कुठी पाह्यलं तू? वावरात का पुस्तकात? भोकं कुठी गेले याचे?" मी म्हटलं, "सर, खराब पान कायले काढायचं?" तेव्हा ती चापट बसली. दुसऱ्या दिवशी मात्र तुमचा स्वतःचा बारा नंबरचा ब्रश तुम्ही माझ्या दप्तरात घातलात.

मी त्या चित्रापुढे फार वेळ उभा राहिलो. शेवटी शेवटी डोक्यातला दुकानदार गप्प बसला आणि नुसतं पान दिसायला लागलं. बस्स, तेवढंच. बाहेर आलो तेव्हा पाच वाजले होते आणि मी कोणी नसल्यासारखा मोकळा होतो. हॉटेलपर्यंत पोचेतो टोपी परत डोक्यावर.

आता ते बाबांचं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा तुम्ही माझ्याकडून करून घेतल्या, बारावी झाल्यावर नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म तुम्हीच आणलात, तुम्हीच भरलात. प्रवेशाच्या परीक्षेला मी गेलोच नाही, आणि तुम्हाला येऊन सांगितलं, "बाबा नाही म्हणाले." तुम्ही तिथून उठून सरळ दुकानात गेलात. मी मागे पोत्यांची थप्पी लावत होतो. तुमचा आवाज अजून कानात आहे. "पोराचा हात तोडून राह्यले तुम्ही. पाप लागन तुमाले." बाबांच्या हातात तुरीच्या बियाण्याची पिशवी होती. ते तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. मी मान खाली घातली. बाबा तुम्हाला म्हणाले, "आमच्या घरचं आमी पाहून घेऊ, सर." त्यानंतर तुम्ही दोघं मरेपर्यंत एकमेकांशी बोलला नाहीत.

सर, बाबा नाही म्हणाले नव्हते. त्यांनी स्वतः मला पहाटेच्या एसटीत बसवून दिलं होतं. खिडकीशी येऊन म्हणाले, "जाय. जमलं तं ठीक, नाही जमलं तं दुकान आहेच." मी नागपूरला पोचलो, कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो. माझ्या हातात पेपरात गुंडाळून सुतळीनं बांधलेली चित्रं. आत पोरंपोरी मोठमोठे बोर्ड काखेत घेऊन खिदळत होती, काय फाडफाड बोलत होती. शिपायानं साधंच विचारलं, "कोणाकडे जायचंय?" मी म्हटलं, "कोणाकडे नाही." आणि वळलो. दिवसभर बसस्टँडवर बसलो, संध्याकाळच्या गाडीनं परत. घरी सांगितलं, पेपर अवघड गेला. तुम्हाला सांगितलं, बाबांनी अडवलं. तुम्ही दुकानात भांडून गेलात तेव्हाच बाबांना कळलं असणार की माझं कुठंतरी खोटं आहे. त्या दिवशी जेवताना त्यांनी एकदाच विचारलं, "तिकडं काय झालतं रे?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली. पुढं कधी विषय काढला नाही. गावानं त्यांना पोराचा जन्म वाया घालवणारा बाप ठरवलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं, माझी लाज झाकायला.

मला वाटलं होतं, तुम्ही गेलात, ते गेले, संपलं. कुठलं संपतंय! लग्नानंतर बायकोलाही मी तेच सांगितलं होतं, मुलगी मोठी झाली तशी तिलाही. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. आता माझी पोरगी बारावी झाली आणि तिला त्याच कॉलेजात जागा मिळाली आहे. मी नाही म्हणत होतो. लायसन्ससाठी आता शेतकीची डिग्री लागते, घरात दुसरं कोणी नाही, तिनं ॲग्री केलं तर दुकान चालेल. महिनाभर घरात हेच. प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख आली आणि ती माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "आजोबांनी तुमच्यासंग केलं, तेच तुमी माह्यासंग करून राह्यले." काय सांगणार? आजोबांनी काही केलं नव्हतं म्हणून? मग मला कोणी अडवलं होतं, असं तिनं विचारलं असतं. माझ्या खोट्यानं मला असं धरलं सर, की हो म्हणा नाहीतर खरं बोला.

मी हो म्हटलं. फॉर्म घेतला, सही केली. इतपत तुम्ही खूश व्हाल. पण सही करताना माझ्या तोंडून निघालं, "माह्या बापानं केलं ते मी नाही करणार." पोरगी गळ्यात पडून रडली. तिची आई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "तुमी मोठ्या मनाचे आहा." आणि मी ते ऐकून घेतलं. तुम्हाला मारलेली थाप तरी भीतीपोटी होती. ही मला गोड लागली.

हे पत्र तुम्हाला कुठं पोचणार आहे, आणि पोचलं असतं तर मी लिहिलंही नसतं. खरं म्हणजे लिहायला पाहिजे होतं बाबांना. ती हिंमत नाही. आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा पोरगी सोबत होती. भिंतीवर बाबांचा फोटो आहे, त्यापुढं ती लहानपणापासून उदबत्ती लावते. आज तिनं उदबत्ती पेटवली, फोटोकडे पाहिलं आणि नेऊन लक्ष्मीपुढं लावली. बाबांपुढं काही नाही. मी गल्ल्यावर बसून सगळं पाहिलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पायरी चढून आलं, आणि मी त्याला म्हटलं, "बोला, काय देऊ?"