कागदोपत्री सडपातळ

प्रिय ओडीलताई,

तू ह्यूस्टनला पोचलीस, सून सुखरूप बाळंत झाली आणि नातवानं आजोबांचं नाक घेतलं, हे कळून फार आनंद झाला. (नाकाचं मनाला लावून घेऊ नकोस, मोठेपणी शोभतं.) तुझं पित्त कसं आहे? माझं मात्र विचारू नकोस, मंगळवारपासून माझं डोकं सुन्न आहे. फोनच केला असता, पण तू मध्येच बोलतेस.

माझा गुडघा तुला ठाऊकच आहे. गेल्या ऑल सेंट्सला, थडगी रंगवायच्या सणाला, ओनेझीमच्या थडग्याला चुना लावायला खाली बसले ती उठताच येईना. शेवटी पाद्रीबाबांनी आणि दोन बायकांनी मला ओढून उभं केलं. जन्मभर ज्या नवऱ्याशी भांडले त्याचं थडगं दुसऱ्यानं रंगवायचं? माझ्या जिवाला ते सोसणार नाही गं. म्हणून शहरातल्या सर्जनकडे गेले. तो म्हणाला, आधी वजन उतरवा, मग गुडघा बदलू. वजनाची इंजेक्शनं भलती महाग, पण आमची विमा कंपनी लठ्ठ माणसांना ती देते. म्हटलं, चला, आजवर खाल्लेलं एकदाचं कामी आलं!

तर कंपनीतली पोरगी फोनवर म्हणते कशी, "मॅडम, आमच्या नोंदींप्रमाणे तुम्ही कधीच लठ्ठ नव्हता."

अगं, मी हबकलेच! चर्चच्या बाकावर मी बसले की शेजारची आपणहून उठते, आणि मी लठ्ठ नाही? म्हटलं, ये आणि बघून जा. तर म्हणे, आम्ही माणसं बघत नाही, डॉक्टरांच्या बिलावर जो आजार असेल तोच धरतो. आणि डॉक्टर कोण, तर तुझे यजमान! आल्सीद भाऊजी इतकी वर्षं माझ्या बिलावर लिहितात काय? गुडघेदुखी, धाप, साखर. एकदा तर नुसतं 'उकाडा'. (तो काय आजार आहे?) लठ्ठपणाचं नाव नाही. का, ते मला विचार. दर रविवारी प्रार्थना संपली की ते कुणा ना कुणाकडे गम्बोचा रस्सा ओरपायला जातात. जिच्या हातचं खायचं तिला जाडी कसं म्हणायचं? या भिडेपायी अख्खं गाव कंपनीच्या लेखी काटकुळं होऊन बसलंय.

थांब, खरा धक्का पुढेच आहे. गावात लठ्ठ म्हणून एकाच माणसाची नोंद आहे. कोण? तेलेस्फोर! हो, तोच, ज्याची पँट दोरीनं बांधावी लागते. भाऊजी मासेमारीला गेले होते तेव्हा त्यांच्या जागी शिकागोची एक नर्स आली होती. तेलेस्फोर खोकला दाखवायला गेला तो खांद्यावर जिवंत क्रॉफिश कोळंबीची दोन पोती घेऊनच. (गाडीत ठेवली असती तर उन्हानं मेली असती, त्याचं काय चुकलं?) तसाच काट्यावर उभा राहिला. नर्सला वाटलं, इथली रीतच असेल, विचारणं बरं दिसणार नाही. तिनं काट्यावर दिसलं ते लिहिलं. आता कंपनी त्याला दर आठवड्याला फोन करून भात सोडा म्हणते, आणि इंजेक्शनंही त्यालाच मंजूर! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मला तर हसावं की रडावं तेच कळेना.

बाळाला माझा पापा. सुनेला ताकद येईल असं काहीतरी खाऊ घाल.

तुझी धाकटी,
झेलिया

ता.क. खरं काम राहिलंच. भाऊजींना सांग, माझ्या बिलावर 'लठ्ठ' असं स्वच्छ लिहा. मला राग येणार नाही.

ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी मीच त्यांच्याकडे जाऊन आले. आधी घाम पुसला, मग म्हणाले, "झेलिया, मेहुणीला लठ्ठ लिहिलं आणि बायकोला नाही, तर हा डॉक्टर आंधळा आहे असं कंपनी म्हणेल. आणि बायकोला लिहिलं तर मी जाऊ कुठे?" मी म्हटलं, ताईची काळजी सोडा, ती माझ्यासाठी जीव देईल. तेव्हा तू घरी परतलीस की सोमवारी सकाळी पहिलं वजन तुझं आहे. मी तुझ्या वतीनं होकार दिलाय.