मागाचा खड्डा आणि उरल्या सुताची व्यवस्था

मी, मनुबाई, कै. नाथाजी चोथे यांची पत्नी, वय अंदाजे पन्नास, धंदा विणकाम, राहणार विटे, तालुका खानापूर, जिल्हा सातारा, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. कोणाची दमदाटी नाही. मला दमदाटी करणारा विट्यात अजून निघायचा आहे. वकिलांच्या कारकुनाने "मनाची दशा उत्तम" असे घालायला सांगितले. ते मी घातले नाही. आम्हां कोष्ट्यांत दशा म्हणजे कापड उतरवल्यावर मागावर राहणारी ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, टोके, जी पुढे विणता येत नाहीत. माझे मन अजून त्या टोकाला आलेले नाही.

कलम १. राहते घर एकत्र कुटुंबाचे आहे, त्याविषयी इथे लिहीत नाही. माग मात्र माझा. लग्नात वडिलांनी बैलगाडीत घालून पाठवला, म्हणजे स्त्रीधन. लाकूड, फणी, धोटे, रहाट, सगळे माझी एकुलती मुलगी शालू हिला. तिला नवऱ्याने टाकले असून ती माझ्याजवळ राहते. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. टाकणाऱ्याने लाजावे.

कलम २. खड्डा. आमचा माग खड्ड्याचा. काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचे आणि खालच्या फळ्या दाबायच्या. खड्डा नसेल तर असला माग म्हणजे सरपण. माझे दीर भाऊसो स्वतः विणकर आहेत, त्यांना हे पुरते ठाऊक आहे. म्हणूनच दिवाळीपासून एकच धोशा:

"वैनी, माग तुमचा, न्या कुठं बी. खड्डा घराचा हाय. तुमच्यामागं बुजवून तिथं गुळाच्या ढेपा ठेवणार. शाली आमच्यात सुताच्या कांड्या भरंल, दोन घास खाईल."

"दोन घास टिपायला ती कोंबडी हाय व्हय, भावजी?"

"लय बोलता तुमी."

बोलते. आता लिहितेही. खड्डा खणला तेव्हाची माती भाऊसोंनी पाट्या भरभरून नेली आणि स्वतःच्या दारापुढे ओटा घातला. म्हणजे जमिनीतला त्यांचा वाटा त्यांना पोहोचला. मागे राहिले ते नुसते रिकामेपण. रिकामेपणाला वारस कोण, असे कारकुनाला विचारले, तर तो चष्मा पुसत बसला. सबब खड्डाही शालूला. कोणाला बुजवायचाच असेल तर त्याने तीच माती आणावी, म्हणजे आधी ओटा फोडावा.

कलम ३. उरलेले सूत. व्यापारी ताणा देतो, कापड घेऊन जातो, दशा विणणाऱ्याच्या, ही बापजाद्यांपासूनची रीत. लढाईत सूत कंट्रोलात गेले आणि व्यापाऱ्याला एकाएकी दशांचा पुळका आला. "ताणा माझा, तर टोकंही माझी." मी म्हटले, मग विणताना गळालेला घामही तुमचाच, तो आधी उचला. पुन्हा आला नाही.

त्या दशांना गाठी मारून मी घरापुरते पंचे, अभ्रे, बस्करे, पासोड्या विणल्या. हिरव्याशेजारी जांभळे, मधेच पिवळे, हाती येईल तसे. भाऊसो म्हणत, "वैनी, असलं गाठाळ कापड! लोक हसत्यात." हसू देत. हसायला अजून रेशनकार्ड लागत नाही. पुढे दुकानात वारभर कापड मिळेना आणि नेमका त्यांच्या घरी नातू जन्मला. त्याचे पहिले दुपटे ह्याच गाठाळ कापडाचे. पोर त्यात गाढ झोपले. शालू, ध्यानात ठेव: गाठी सगळ्या एका अंगाला घ्यायच्या आणि माणसाच्या अंगाला दुसरी बाजू लावायची. सुताची गाठोडी तुझी. घर नटव. विकावेसे वाटले तर वीक, पण नाक मुरडून मागणाऱ्याला देऊ नकोस.

कलम ४. रंगीत पासोडी जाऊबाईंना द्यायची होती. पण साक्षीदाराला किंवा त्याच्या बायकोला लिहून दिलेले बाद होते, असे वकील म्हणतात, आणि साक्षीला मला भाऊसोच हवेत. म्हणून पासोडी आजच जाऊबाईंच्या हातात दिली. भाऊसोंना ह्या कागदात काहीही मिळत नाही. तेव्हा त्यांच्याइतका निर्मळ साक्षीदार दुसरा सापडणार नाही.

कलम ५. मागे एका घरमालकाने कोंडीबा विणकराचा माग रस्त्यावर काढायला माणसे आणली होती. तेव्हा भाऊसो उंबऱ्यात आडवे बसले. "ताणा चढलेला माग हलवत न्हाईत. आदी मला हलवा." सगळ्या पेठेने ऐकले. माणसे परत गेली. त्या दिवशी मला दिराचा अभिमान वाटला, तोही इथे नोंदवते.

म्हणून शालूने माग कधी रिकामा ठेवू नये. ताणा सरत आला की नव्या ताण्याची टोके जुन्याच्या टोकांना, तारेला तार, जोडून घ्यावी. मी मरेन त्या दिवशीही मागावर ताणा असेल, आणि माग हलवल्याशिवाय खड्डा बुजत नाही. भाऊसोंनी मग खड्डा राखावा, नाहीतर पेठेदेखत स्वतःचा शब्द मोडावा. तिसरी वाट मी ठेवलेली नाही.

हा कागद मीच लिहिला, मीच वाचून पाहिला आणि मला पटला. खाली सही करते. अंगठा नव्हे.

विटे, तारीख ९ नोव्हेंबर १९४६

मनुबाई नाथाजी चोथे

साक्षीदार:

१. हंबीरराव माने, पेन्शनर सुभेदार, शेजारी. सही माझ्यासमक्ष झाली.

२. भाऊसो चोथे, दीर. सही माझ्यासमक्ष झाली. बाकी मजकुराशी मी सहमत नाही. ताण्याबद्दल मी तसे बोललो होतो. शब्द माझा आहे.