पंडितसरांच्या वाट्याचं जायफळ

९ ऑक्टोबर १९९५, सोमवार. सकाळी ६.१०
काल मंडळाच्या कोजागिरीत वरच्या मजल्यावरचे पंडितसर सगळ्यांदेखत म्हणाले, "विनायकरावांची धाप आधी घरी पोचते, मागून हे." ऐंशी माणसं हसली. उज्ज्वला सर्वांत मोठ्यानं. धर्मपत्नी!
निषेध म्हणून दूध घेतलं नाही. तीन कपांनंतर.
सूड घेणार. थंड डोक्यानं.

१० ऑक्टोबर. बँकेत, लंच टाइम
रविवारी पाचला मंडळात पंडितसरांचं व्याख्यान आहे. विषय 'मसाल्यांतलं आरोग्य'. गेल्या वर्षीच्या प्लेगपासून सुरतेत जो तो आरोग्यावर बोलतो. मंडळाच्या वाचनालयातल्या एका मासिकात याच विषयावरचा लेख मिळाला. पानं फाडून आणली. आता करा म्हणावं तयारी.
लेखाप्रमाणे: दालचिनीनं साखर आटोक्यात. लवंगेनं दाढ शांत. सुंठेनं पचन. जायफळानं गाढ झोप.
गाढ झोप!
प्लॅन तयार. व्याख्यानाआधी पंडितसरांना जायफळाची नानखटाई. माइकवर घोरतील. मी पहिल्या रांगेत.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
दालचिनीचा काढा सुरू. विजयाच्या दिवशी पोट उतरलेलं बरं. दोन दिवसांत वजन अर्धा किलो वाढलं. स्टेशनवरचा काटा बिघडलाय. काढ्यात साखर होती, पण दालचिनी ती आटोक्यात ठेवतेच.

१४ ऑक्टोबर, शनिवार
स्वतः पीठ मळलं. लवंग, दालचिनी, सुंठ सगळं घातलं. जायफळ सढळ हातानं. उज्ज्वलानं विचारलं, एवढा पुळका कुणाचा? म्हटलं, पंडितसरांचा. शेजारधर्म. ती बराच वेळ बघत राहिली. प्रभावित झाली असावी.
कतारगामच्या भट्टीवर ट्रे नेला. भट्टीवाले कांतिभाई वास घेऊन म्हणाले, "साहेब, जायफळ वधारे छे." म्हटलं, जास्त कसलं, बराबर छे.

१५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ३.४०
डबा पोचवला. माझ्यासमोर पाच खाल्ल्या. डोळ्यांत पाणी आलं. सुंठ लागली असावी. म्हणाले, "अनुसया गेल्यापासून घरी केलेलं असं काही..." आणि बायकोच्या फोटोकडे वळले. क्षणभर वाटलं, डबा परत घ्यावा. मग धाप आठवली.

संध्याकाळी ७.३०
साडेपाच झाले तरी पंडितसरांचा पत्ता नाही. स्टेजवर झोपण्याऐवजी घरी झोपले. तरीही विजय माझाच.
तेवढ्यात उज्ज्वला उभी राहून म्हणाली, "हे आठवडाभर याच विषयावर वाचताहेत. यांना बोलू द्या."
टाळ्या. स्टेजवर गेलो. खिशातली पानं काढून वाचू लागलो. वाचनालय सांभाळणाऱ्या शोभाबाई पहिल्याच रांगेत. म्हणाल्या, "पानावर आपला शिक्का दिसतोय."
सव्वासहाला पंडितसर आले. गालावर उशीचे वळ. माइक घेतला आणि म्हणाले, "दोन वर्षं मला दीड तासाच्या वर झोप नाही. अनुसयेची बाजू रिकामी दिसते. आज विनायकरावांच्या नानखटाईनं मी पोरासारखा झोपलो. व्याख्यान ते हेच." मला मिठी मारली. ऐंशी माणसं उभी राहिली. मी घामाघूम. हॉलमधले पंखे अगदीच मंद आहेत.

१६ ऑक्टोबर
शोभाबाईंना नवा अंक आणून दिला. लेख तसा सामान्यच होता.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
पंडितसर डबा घासून परत घेऊन आले. दर गुरुवारी जमेल का, विचारत होते. मी सुनावणारच होतो. उज्ज्वला आधीच हो म्हणाली.
जायफळ किसताना बोट सोललं. उज्ज्वला म्हणाली, "पुरे, कांतिभाई ओरडतील." म्हटलं, अजून थोडं घालू दे. परवा ते पहाटे चारलाच जागे झाले म्हणे.