बागेशी ताडून पाहिलेलं चित्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा चित्रं काढणं, राहणार बागेसमोरच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. या जागी 'मी पूर्ण शुद्धीत आहे' असं लिहायची रीत असते. ती ओळ मी कोरी सोडली आहे. का, ते कलम दोनमध्ये येईल.

कलम १. राहतं घर, माझ्या स्वकष्टाचं, माझ्या सुनेला मिळावं. माझा मुलगा गेला त्याला सहा वर्षं झाली. ती माहेरी गेली नाही, की तिनं एक दिवस मला एकटीला जेवू दिलं नाही. पुतण्याला काही नाही. गेल्या महिन्यात तो येऊन माझ्यादेखत तिला म्हणाला, "काकूचं डोकं ठिकाणावर नाही. तिनं काय वाट्टेल ते लिहून ठेवलं तरी कोर्टात टिकणार नाही. तू आपली एखादी खोली बघून ठेव." सुनेनं त्याच्यापुढचा कप तेवढा उचलून नेला. मेल्याचा अर्धा चहा राहिला होता.

कलम २. तो खरं बोलतोय की काय, हीच मला धास्ती आहे. चाळीस वर्षं मी समोरची बाग उघड्यावर बसून रंगवली. पालवीत, उन्हात, पावसात छत्रीखाली, पानगळीत. नियम एकच: डोळ्यांसमोर आहे तेवढंच काढायचं. घरी येऊन आठवणीनं एक पानसुद्धा वाढवायचं नाही. यंदा पालवीच्या दिवसांत बाकामागचं जांभळ्या फुलांचं झाड काढलं, चांगलं चार दिवस बसून. बागेचे माळीबुवा मागे येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, हे झाड पोखरलं म्हणून गेल्या वर्षी तोडलं ना? तुम्हीच तर बघायला उभ्या होतात. आता बाकावर दिवसभर ऊन असतं, कुणी बसत नाही."

मी पाहिलं. हातभर बुंधा होता. "अहो, गंमत केली," म्हटलं. माळीबुवा हसले नाहीत.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं तेव्हापासून चाललं आहे. प्रत्येक चित्र माळीबुवा बागेशी ताडून पाहतात आणि पाठीवर 'जुळतं' लिहून सही करतात. सकाळी सुनेसमोर जाण्याआधी मी आजचा वार मनात म्हणून बघते. परवा चुकला.

कलम ३. पाठीवर 'जुळतं' असलेली सगळी चित्रं सुनेची. झाडाचं ते चित्र जाळून टाकावं. मी दोनदा काडी ओढली, जमलं नाही. फुलं फार चांगली उतरली आहेत.

कलम ४. ब्रश, रंगपेटी आणि घडीचं स्टूल शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना. माझी मोठी पांढरी छत्री माळीबुवांना. एक काडी मोडली आहे, तेवढी बसवून घ्या. चौकटवाल्याला निरोप: धुक्याचं चित्र चौकटीत बसेना म्हणून वरचं आभाळ दोन बोटं कापलंत, ते मी विसरलेले नाही. देवाशपथ, हे तरी विसरलेले नाही.

कलम ५. आज दुपारी डॉक्टर आणि माळीबुवा यांच्यासमोर, व्हरांड्यात बसून मी बाग रंगवली. कागद सोबत जोडला आहे. चित्रात आहे ते असं: फाटक, फाटकाला टेकवलेली माळीबुवांची सायकल, पिवळी पडलेली हिरवळ, हातभर बुंधा. झाड नाही, नीट बघा, झाड मी काढलेलं नाही. पुढे बाक, बाकावर गर्द सावली. साक्षीदारांनी हे बागेशी ताडावं. जुळलं तर कोरी ओळ डॉक्टरांनी भरावी. नाही जुळलं तर हे मृत्युपत्र फाडावं. घर जाईल, सून रस्त्यावर येईल, ठाऊक आहे. पण खोट्या चित्रावर मी आजवर सही केली नाही. दया म्हणून कोणी खोटं लिहू नये. माळीबुवा, तुम्हाला माझी शपथ आहे. मला फार भीती वाटते आहे.

सही: चित्रकार बाई
स्थळ: घराचा व्हरांडा
दिनांक: चौदा ऑक्टोबर, मंगळवार (डॉक्टरांना विचारून लिहिला)

साक्षीदार पहिला, डॉक्टर: बारा चाळीसला ताडून पाहिलं तेव्हा चित्र बागेशी जुळत होतं. कोरी ओळ मी भरली आहे. सही.

साक्षीदार दुसरा, माळी: शपथ आहे म्हणून सगळं लिहितो. फाटक, सायकल, हिरवळ, बुंधा, बाक बरोबर. बाकावर सावली नव्हती. बाईंना म्हटलं, जरा थांबा. त्यांची पांढरी छत्री घेतली, बाकापाशी गेलो, उघडून धरली आणि डॉक्टरांना म्हटलं, आता बघा. जुळतं. सही.